पांढरं कपाळ

“डोळ्यानं बघू नगं, काचंच्या नजरंनं बघ. तांबडं ते काळं उमटतं, निळं ते पांढरं. एवढं ध्यानात धर, मग चुकायची न्हाईस.”

कोंडीबा जाऊन चार वर्षं झाली होती, तरी अंधाऱ्या खोलीचं दार आतून ओढून घेतलं की मथुराबाईंना नवऱ्याचा हा आवाज अगदी पाठीशी ऐकू यायचा. लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या तेव्हा कोंडीबाचं नवी पेठेत फोटोचं दुकान होतं आणि त्याच्या तापट स्वभावापुढे हाताखाली माणूस टिकत नव्हता. म्हणून त्यानं बायकोलाच शिकवलं. औषध लावलेल्या काचा विलायतेहून खोक्यांतून यायच्या. कॅमेराही विलायतीच, हॉबर्न कंपनीचा. लाकडी, तीन पायांचा, भात्याचा, उचलताना कंबर धरावी लागे असा. त्यात काच घालून फोटो घ्यायचा आणि मग ती काच आतल्या खोलीत तांबड्या कंदिलाच्या उजेडात धुवायची. काचेला तांबडा रंग दिसतच नसे, म्हणून तर तो कंदील चाले. आणि म्हणूनच बायकांच्या कपाळावरचं कुंकू फोटोत असं काळंभोर, ठसठशीत उमटे. निळं लुगडं मात्र धुवट पांढरं येई, आणि गिऱ्हाईक कुरकुरे. कोंडीबा म्हणे, “लुगडं पांढरं आलेलं चालतंय की बाई. कपाळ पांढरं आलं तर वरडा.”

कोंडीबा छातीच्या दुखण्यानं गेला. दुकान मथुराबाईंच्या धाकट्या भावाकडे आलं. रामहरी बारा वर्षांचा असताना माळशिरसकडून बहिणीकडे राहायला आला होता आणि मेव्हण्याच्या हाताखालीच तयार झाला होता. त्यानं बहिणीला कधी अंतर दिलं नाही. मागची खोली, देव्हारा आणि काचा धुवायचं काम, एवढं मथुराबाईंकडे राहिलं. त्यांचे नेम ठरलेले होते. एकवेळचं जेवण, संध्याकाळी रूपाभवानीच्या देवळात दिवा, झोपायच्या आधी अकरा माळा. चातुर्मासात यात मौनाची भर पडे. पहाटे उठल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली, शहर पुन्हा लग्नकार्याला लागलं, तसा रामहरी अस्वस्थ झाला. फलटण गल्लीतला फोटोवाला सायकलवरून हिंडून फोटो काढी. यांचा हॉबर्न टांग्याशिवाय हलत नसे. शेवटी रामहरी मुंबईला गेला आणि लिंडनर कंपनीचा जर्मन कॅमेरा गळ्यात अडकवून आला. त्याला पुढं एकावर एक दोन भिंगं. काचा नाहीत, गुंडाळलेली फिल्म. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालायची आणि वरच्या झरोक्यातून बघायचं.

“हे फोटू काढतंय का आमच्या पाया पडतंय?” तालमीतले पैलवान हसायचे.

“हसा, हसा,” रामहरी म्हणायचा. “ह्याच्या डोळ्याला जे दिसतं तेच उमटतं. हा खोटं बोलायचा न्हाय.”

हॉबर्न अक्कलकोटच्या एका फोटोवाल्यानं नेला. टांग्यात घालताना त्याचा एक पाय दाराला घासला तेव्हा मथुराबाई आत निघून गेल्या.

पहिलीच फिल्म वाया गेली. रामहरीनं नेहमीच्या सवयीनं तांबड्या कंदिलात ती धुतली आणि हातात आली ती नुसती काळी पट्टी. मुंबईच्या दुकानदाराला लिहिलं, तर उलट टपाली त्याचं उत्तर आलं: या फिल्मला सगळे रंग दिसतात, तांबडासुद्धा, कंदील विझवून मिट्ट अंधारात धुवावी.

मिट्ट अंधारात घड्याळ कसं दिसणार? तेव्हा मथुराबाईंची जपमाळ कामी आली. फिल्म औषधात घातली की त्या माळ ओढायला लागत. दोन माळा आणि वर अकरा मणी झाले की काढायची. एकदाही कमी-जास्त झालं नाही. रामहरी गिऱ्हाइकांना सांगे, “आमच्या अक्काचा देव घड्याळापेक्षा नेमका हाय.”

त्याच दिवसांत तालमीतल्या एका पैलवानाचा फोटो निघाला. लालभडक पटका बांधून आला होता गडी. कागदावर पटका फिकट, राखेसारखा आला.

“रामहरी, पटका तांबडा होता न्हवं?” मथुराबाईंनी विचारलं.

“ऊन लई होतं, अक्का.”

त्यांच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला होता. तांबडा पटका असा, तर बायकांचं कुंकू कसं येईल? पण तो शब्द चार वर्षांत त्यांच्या तोंडून चारचौघांत निघाला नव्हता. भावाच्या घरात, भावजय पोटुशी असताना, विधवेनं तो विषय काढावा असं त्यांना वाटेना. शिवाय लग्नसराई सरल्यावर बाईमाणूस कॅमेऱ्यासमोर येतं किती? येईल तेव्हा बघू, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

श्रावण लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात दुपारी बिरप्पा दुकानात आला. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, उंचापुरा धनगर. पायात जोडा नव्हता.

“फोटू काढायचाय,” तो म्हणाला. मुंडासं काढून हातात घेतलं. “बायकूचा. सकाळी गेली. पोरगी आठ दिसांची हाय. तिला आई दावायला कायतरी पायजे की.”

तानाबाई जिवंत असताना फोटोला कधी उभी राहिली नव्हती. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं ती म्हणायची.

गॅसबत्ती धरणारा माणूस तापानं पडला होता. बजाबाईला, रामहरीच्या बायकोला, पाचवा महिना. तिला मौतीच्या घरी नेणं शक्य नव्हतं. तेव्हा मथुराबाईच निघाल्या.

चाळीची खोली अंधारी, धुरकट. बायकांनी तानाबाईला न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, हातभर बांगड्या घातल्या होत्या, भिंतीला टेकवून बसवलं होतं. मथुराबाई उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि गॅसबत्ती आत पुढे केली. सवाष्णीच्या मौतीत विधवेनं पुढं होऊ नये. दाराच्या दुसऱ्या अंगाला बिरप्पाची आई, मायाक्का, तशीच उभी होती. तीही पांढऱ्या कपाळाची. दोघींची नजरानजर झाली.

“भरल्या कपाळानं चालली माझी सून,” मायाक्का म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. “लई पुण्याची. आमी बसलो मागं धूर खात.”

बिरप्पानं करंडा घेतला. अंगठा कुंकवात बुडवला आणि बायकोच्या कपाळावर या भुवईपासून त्या भुवईपर्यंत मळवट भरला. रेघ सरळ येईना, म्हणून त्यानं पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग चाळीतल्या सवाष्णी एकेक करून पुढे आल्या, तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं टिपून आपल्या कपाळाला लावून गेल्या.

“नीट येईल न्हवं?” मायाक्कानं रामहरीला विचारलं.

“म्हातारे, हा जर्मन कॅमेरा हाय. जे हाय तेच दिसणार. खोटं न्हाय दावायचा.”

रामहरीनं मान खाली घातली आणि तीन फोटो काढले. एक शब्द. ‘कुंकवाचं बघ रे’ एवढंच म्हणायचं होतं. पण समोर भरल्या कपाळाचं प्रेत, दारात दोन विधवा. त्या मुकाट उभ्या राहिल्या.

संध्याकाळी त्यांनीच फिल्म धुतली, दोन माळा आणि अकरा मणी, आणि अंधारात टांगून ठेवली. रामहरीला घाई होती. तानाबाईची आई आणि गावाकडची माणसं दुसऱ्या दिवशी सकाळच्या कुर्डुवाडीच्या गाडीनं परतणार होती. त्यांना फोटो बघून जायचं होतं. भल्या सकाळीच त्यानं तिन्हींतला बरा बघून मोठा केला आणि ओला कागद हलवत बाहेर आला.

मथुराबाई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. मौन चालू होतं. रामहरीनं जाता जाता फोटो त्यांच्यापुढे धरला.

“बघ अक्का. कसा सुरेख आलाय. झोपल्यासारखी वाटती न्हवं?”

चेहरा सुरेखच आला होता. लुगड्याची चूण न् चूण दिसत होती. बांगड्या मोजाव्यात इतक्या स्वच्छ. आणि कपाळ कोरं. भुवईपासून भुवईपर्यंत गव्हाळ कातडीसारखाच एकसारखा उजळ रंग. मळवट नव्हता. टिकलीसुद्धा नव्हती.

रामहरीला ते दिसलं नव्हतं. पुरुषाची नजर; चेहरा नीट आला की त्याचं काम संपलं. त्यानं कागद घडीच्या पुठ्ठ्यात घातला आणि चपला पायात सरकवल्या. शाईची बारीक कुंचली शेजारच्याच कोनाड्यात होती. पाच मिनिटांचं काम होतं. मथुराबाईंच्या घशाशी हाक आली. एकोणतीस चातुर्मास त्यांनी कधी मौन मोडलं नव्हतं. कोंडीबाचा शेवटचा श्वास चालला होता तेव्हासुद्धा नाही. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि माळेचा पुढचा मणी ओढला. बाहेर दार वाजलं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्यांच्याजवळ बोलायला कुणी नव्हतं.

*

नऊ दिवसांनी, बुधवारी दुपारी, बिरप्पा मागच्या दारानं आला. रामहरी बाहेर गेला होता. बिरप्पाची दाढी वाढली होती आणि गाल बसले होते. तो ओट्यावर टेकला आणि हाताच्या अंगठ्याकडे बघायला लागला.

“अक्का, तुमी बत्ती धरून हुबं होता. तुमी बघितलंय. मी तिला मळवट भरला का न्हाय?”

“भरला की. दोनदा अंगठा फिरवलास.”

“मग बरं झालं. माझा माझ्या हातावरनं इस्वास उडायलाय.”

मग त्यानं सगळं सांगितलं. फोटो बघितल्याबरोबर तानाबाईच्या आईनं हंबरडा फोडला. चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. ज्यांनी तिचं कुंकू टिपून लावलं होतं, त्या नळावर जाऊन कपाळं घासून आल्या. आणि मायाक्का म्हणाली, मेलेलं माणूस खोटं दावत न्हाय आन् हा कॅमेरापण न्हाय. सून रांडाव दिसली म्हंजे माझ्या पोराचं काय धड न्हाय. पोरगीच तशा पायाची. आई खाल्ली, आता बापाला खाईल.

“रामहरीभाऊ म्हणलं, शाईनं टिकली काढून देतो. आई म्हणली, देवीनं एकदा दावलं ते शाईनं झाकायचं व्हय?” बिरप्पानं डोळे पुसले. “आता तिनं नवस बोललाय. पोरगी यल्लम्माला सोडायची, म्हंजी माझा जीव वाचंल. येत्या रविवारी जोगतिणी येऊन तिच्या गळ्यात मणी बांधणार हैत. माझी पोरगी, अक्का. अजून तिचं बारसं न्हाय.”

देवीला सोडलेल्या पोरीचं पुढं काय होतं, हे सोलापुरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. पेठेच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी दारांत बसलेल्या बायका मथुराबाई रोज देवळाला जाताना बघत.

“तू न्हाय म्हण ना आईला,” त्या म्हणाल्या.

“म्हणलो. म्हणली, तू मेलास तर मी कुणाकडं बघू? एकच पोरगा तिचा. आन् खरं सांगू? रातीला मलाबी वाटतंय, आपुन मरणार. जेवान गिळत न्हाय.”

मथुराबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग समोर बसून हळू आवाजात सगळं सांगितलं. काच कशी होती, फिल्म कशी आहे, तांबडं आधी काळं का यायचं आणि आता का येत नाही. बिरप्पाला अर्धं कळलं, अर्धं नाही. पण शेवटचं कळलं.

“म्हंजी तानीच्या कपाळाला कुंकू हुतं, आन् फिल्मनं खाल्लं?”

“तसंच समज. आन् मला ते आधीच ठावं होतं, बाबा. मी बोलले न्हाई.”

त्यांना वाटलं आता शिवी देईल. द्यावी असंही वाटलं. पण त्यानं एकदम वाकून त्यांचे पाय धरले.

“मग आईला सांगा. चाळीत येऊन सगळ्यांम्होरं सांगा. माझं कुणी ऐकत न्हाय.”

“येते,” मथुराबाई म्हणाल्या. “शनवारी दुपारी येते. शब्द दिला.”

*

“शब्द दिला? कुणाला इचारून?”

रामहरी ताटावरून अर्धवट उठला. बजाबाई भाकरी हातात घेऊन चुलीपाशी तशीच थांबली.

“खरं हाय ते सांगायचंय, रामहरी. दुसरं काय सांगायचंय?”

“काय सांगशील? रामहरीच्या कॅमेऱ्यात सवाष्णीचं कुंकू दिसत न्हाय? उद्यापासनं एक नवरी ह्या दुकानाचा उंबरा चढंल का? त्या फलटण गल्लीवाल्याला आयता पेढा. मार्गशीर्षातली लग्नं त्याच्याच दारात.”

“एका पोरीचा जन्म हाय, बाळा.”

“आन् माझ्या पोराचा? बजीच्या पोटातल्याचा? तेनं काय खायचं, तुझ्या माळंचे मणी?” बोलून गेल्यावर तो जरा वरमला. “अक्का, हॉबर्न गेला. माघारी येत न्हाय. जे घेतलंय तेच्यावरच भागवायचंय. मी लिवतो मुंबईला, दुसरी फिल्म मिळती का बघतो. पण बोंब नगं.”

“तोवर बायकांचे फोटो शाईनं भरू. बारीक कुंचलीनं. कुणाला कळायचं बी न्हाई. मी भरते की.”

रामहरी हसला. वाईट हसला.

“तू भरणार कुंकू? सवाष्णीला?”

मथुराबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि उठून आपल्या खोलीत गेल्या. पाठीमागे बजाबाई नवऱ्याला काहीतरी बोलली, तो तिच्यावर ओरडला.

अंधारात बसून त्या विचार करत राहिल्या. नुसत्या तोंडाच्या शब्दावर मायाक्का विश्वास ठेवणार नव्हती. फोटोवाल्याची बहीण, भावाचं झाकायला आली, म्हणेल. काहीतरी डोळ्यांना दाखवायला हवं होतं. पैलवानाच्या पटक्यानं भागणार नव्हतं. पटका म्हणजे कपाळ नव्हे. एखादी जिवंत सवाष्ण, जिचा नवरा धडधाकट फिरतोय, तिचा फोटो दाखवला तर?

दुसऱ्या दिवशी, मौन संपल्यावर, त्यांनी बजाबाईला विचारलं. अगदी घाबरत विचारलं.

बजाबाईनं दोन्ही हातांनी पोट धरलं. “वन्सं, पाया पडते. दोन गेली माझी. हे तिसरं. माझं कपाळ कोरं दिसलं तर मी झोपंन का? मला ठावं हाय तुमी खरं बोलताय. पण फोटू घरात ऱ्हाईल की वं.”

“ऱ्हाऊ दे गं. उगाच इचारलं.”

त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तिची काय चूक? चाळीतल्या कुणीही हेच म्हटलं असतं. मग स्वतःच्या कपाळाचा विचार एकदा त्यांच्या मनाला चाटून गेला. चिमूटभर कुंकू. एक फोटो. पण त्याचा उपयोग काय? फोटोत विधवा विधवाच दिसली, तर मायाक्का म्हणेल, बघा, कॅमेरा खरंच बोलतोय.

शुक्रवारी सकाळी बजाबाईनं जिवतीची पूजा मांडली. श्रावणातल्या शुक्रवारी ती नवरात्रातला भवानीचा पितळी मुखवटाही काढून, घासून, पाटावर बसवायची. मथुराबाई नेहमीसारख्या जरा लांब बसल्या होत्या. त्या फक्त दिवा लावत, हळदकुंकू वाहणं बजाबाईचं काम. बजाबाईनं देवीला मळवट भरला. सवयीचा हात, दाट, रुंद, लालभडक. मथुराबाई त्या कपाळाकडे बघत बसल्या. बघता बघता त्यांची माळ थांबली.

ही तर कधीच विधवा होत नाही. हिला तसं कोण म्हणेल?

मग दुसरा विचार आला. देवीचं कपाळ कोरं करून लोकांना दाखवायचं? चाळीतल्या बायकांच्या हातात द्यायचं? जन्मभर जिच्यापुढे दिवा लावला तिलाच असं उभं करायचं? याहून मोठं पाप मथुराबाईंना माहीत नव्हतं. हात जोडून त्या बसून राहिल्या, डोळे मिटून, किती वेळ ते त्यांना कळलं नाही. देवी काही बोलली नाही. ती कधीच बोलत नसे.

दुपारी रामहरी स्टेशनवर पार्सल सोडवायला गेला. मथुराबाईंनी खिडकी लोटून गॅसबत्ती पेटवली, चाळीतल्या खोलीत होती तशी. लिंडनर खुंटीवरून काढला. हातात घेतल्यावर पहिल्यांदाच त्यांना जाणवलं की तो किती हलका आहे. त्यांनी मान खाली घातली, आणि झरोक्यात देवीचा चेहरा उजव्याचा डावा होऊन समोर आला.

“आई, माझ्या माथी घाल,” त्या म्हणाल्या, आणि खटका दाबला.

फिल्ममधले आधीचे फोटो तालमीतल्या पोरांचे होते. सगळीच धुवावी लागली. दोन माळा आणि अकरा मणी. अंधारात त्यांच्या लक्षात आलं की बोटं ओली आहेत आणि ते नुसतं औषध नाही.

फोटो कागदावर उतरवेपर्यंत शनिवारचा सूर्य डोक्यावर आला, मौन सुटलं. रामहरी पुढच्या खोलीत गिऱ्हाइकात होता. बजाबाई पाणी घेऊन आत आली आणि बशीतला ओला कागद बघून जागच्या जागी खिळली.

पितळेचे डोळे, नाकातली नथ, गळ्यातली माळ, सगळं लखलखीत. कपाळ गुळगुळीत, रिकामं.

“माझा मळवट कुटं गेला?” तिचा आवाज चिरकला. “वन्सं, मी भरला होता. तुमी बघत होता.”

“भरला होतास. आता समजलं न्हवं तुला?”

बजाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. तिला पटलं होतं, आणि त्याहून जास्त तिला भीती वाटली होती. “हे काय केलंत? देवीचं असं… आपल्या घरावर येईल हो.”

“येऊ दे. काढला मी, धुतला मी. तुझ्या हातनं फक्त पूजा झाली. तसंच सांगीन.”

“आन् हे? हे काय करतील तुमाला?”

मथुराबाईंनी बशीतला कागद उचलून पाणी निथळवलं. भाऊ घरात ठेवेल, न ठेवेल. माळशिरसकडे एका चुलतभावाचं घर होतं, तिथं बारा वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी कागद दोन पाटांमध्ये दाबून वाळवला. मग देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं, पण नेहमीसारखं काही मागितलं नाही. मागायला तोंड नाही असं त्यांना वाटलं.

दुपार कलायला लागली. मथुराबाईंनी धुवट लुगडं नेसलं, फोटो एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि काखेला मारला. मागच्या दारानं जाता आलं असतं. त्या पुढच्या दारानं निघाल्या.

दुकानात एका लग्नघरची माणसं बसली होती. वरबाप पानाला चुना लावत मार्गशीर्षातल्या तारखा सांगत होता, आणि रामहरी पाठकोऱ्या कागदावर त्या उतरवून घेत होता. बहिणीच्या काखेतलं फडकं त्याला दिसलं. त्याचा हात थांबला. चारचौघांत त्याला ओरडता येईना.

“अक्का,” तो फक्त म्हणाला. लहानपणी ताप आला की हाक मारायचा, तसा.

मथुराबाई क्षणभर थांबल्या. त्याच्याकडे बघितलं असतं तर पाय उचलला नसता. म्हणून त्यांनी बघितलं नाही.

“माणसांला पाणी दे,” त्या हळूच म्हणाल्या आणि पायऱ्या उतरल्या.

रस्त्यावर ऊन होतं. एका दारात सूत उकलत बसलेली तेलुगू बाई ओळखीचं हसली. त्यांनी मान हलवली. चाळ अर्ध्या कोसावर होती. तिथं दारात मायाक्का उभी असेल, ऐकेल किंवा ऐकणार नाही. फोटो बघून बायका दगडही उचलतील. त्यांनी फडक्याची गाठ एकदा चाचपून घट्ट केली, पदर सारखा केला आणि गिरणीच्या वाटेला लागल्या.